विश्लेषण : झाड टिकते, नोंद हरवते… बोन्सायचा इतिहास जपायचा कसा?

वॉशिंग्टन डीसीच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी व्हाइट पाइन आहे. १६२५ पासून ते बोन्साय म्हणून वाढवले जात आहे, असे त्याची नोंद सांगते. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते त्याच शहरात होते. पण त्यातून ते वाचले आहे हे संग्रहालयाला कळायला झाड ताब्यात आल्यानंतर तब्बल २५ वर्षे लागली, आणि तेही योगायोगाने. बोन्साय सहसा आपल्या पहिल्या मालकापेक्षा जास्त जगते. माळी बदलतो, घर बदलते, कधी देशही बदलतो. पाणी घालणारा नवा हात मिळाला की झाड टिकते, पण त्याची गोष्ट आपोआप टिकत नाही. म्हणूनच जगभरातील बोन्सायप्रेमी आता झाडांइतकेच त्यांच्या नोंदींकडे लक्ष देऊ लागले आहेत.

यामाकी पाइनचे गुपित काय होते?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिले. त्यात हिरोशिमाचे बोन्साय कलाकार मासारू यामाकी यांनी दिलेले हे पाइन होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला बॉम्ब फुटला, तेव्हा यामाकी कुटुंबाचे घर आणि रोपवाटिका स्फोटाच्या केंद्रापासून साधारण तीन किलोमीटरवर होती. घराच्या काचा फुटल्या, माणसांना किरकोळ जखमा झाल्या. बाहेरच्या झाडांना मात्र रोपवाटिकेच्या भिंतीचा आडोसा मिळाला आणि ती वाचली.

ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला हे झाड देताना यामाकी यांनी याचा गाजावाजा केला नाही. २००१ मध्ये त्यांचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला संग्रहालयात आले आणि त्यांनी घरात ऐकलेली हकीकत दुभाषाकरवी सांगितली. ते आले नसते तर पाइन आजही तितकेच हिरवे असते, पण संग्रहातील आणखी एक जुने झाड एवढीच त्याची ओळख राहिली असती.

झाड पाहून वय कळत नाही का?

बहुतेक वेळा नाही. जंगलातील झाडाचे वय खोडातील वर्तुळे मोजून काढता येते, पण त्यासाठी खोड कापावे लागते किंवा पोकळ गिरमिटाने आतला नमुना काढावा लागतो. मनगटाएवढ्या खोडाच्या बोन्सायवर असा प्रयोग कोणी करत नाही. शिवाय उथळ कुंडी आणि मुळांची नियमित छाटणी यामुळे वाढ मंदावते, त्यामुळे खोडाच्या जाडीवरूनही वयाचा भरवशाचा अंदाज येत नाही.

त्यातच झाड म्हातारे दिसावे हा या कलेचा हेतूच आहे. साल सोलून फांदीचा किंवा खोडाचा भाग वाळलेल्या लाकडासारखा केला जातो. त्याला जपानीत ‘जिन’ आणि ‘शारी’ म्हणतात. उलट बाजूने पाहिले तर डोंगरकपारीतून काढून आणलेले खुरटे झाड, ज्याला ‘यामादोरी’ म्हणतात, ते कुंडीत नवे असले तरी खरोखरच फार जुने असू शकते. म्हणून संग्रहालयांच्या पाटीवर अनेकदा झाडाच्या जन्माऐवजी ‘अमुक सालापासून घडवणे सुरू’ अशी नोंद असते. हे साल झाडावर कुठेही लिहिलेले नसते. ते कागदावर असते किंवा माणसाच्या आठवणीत.

जपानमध्ये ही परंपरा कशी टिकली?

१९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तेथील काही बोन्साय व्यावसायिकांनी मोकळी जागा, चांगली माती आणि पाणी शोधत उत्तरेकडे स्थलांतर केले. १९२५ मध्ये सध्याच्या साइतामा शहरात ओमिया बोन्साय गाव वसले. तेथे राहायचे तर किमान १० बोन्साय बाळगावेत, ते पाहायला येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण म्हणून हिरवी वई राखावी, असे नियम गावकऱ्यांनी केले. २०१० मध्ये तेथेच बोन्सायला वाहिलेले सार्वजनिक संग्रहालय सुरू झाले. झाडांबरोबर कुंड्या, चित्रे आणि जुनी कागदपत्रेही तेथे जपली जातात.

दुसरा आधार प्रदर्शनांचा. टोकियोच्या उएनो भागात १९३४ मध्ये ‘कोकुफू’ प्रदर्शन सुरू झाले. त्याचे छायाचित्रांचे अल्बम अभ्यासकांसाठी मोठा ठेवा ठरले. एखादे झाड काही दशकांच्या अंतराने पुन्हा मांडले गेले असेल, तर त्याची कोणती फांदी काढली, कुंडी कधी बदलली, मालक कोण झाला, हे त्या पानांवर ताडून पाहता येते.

नोंद नसेल तर नेमके काय गमावतो?

झाडाबरोबर माणसांचा इतिहास गमावतो. अमेरिकेचे जपानमधील राजदूत लार्झ अँडरसन यांनी १९१३ मध्ये मायदेशी परतताना योकोहामा नर्सरी कंपनीकडून बोन्साय घेतले. ही झाडे १९३७ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या बोस्टनमधील आर्नल्ड वृक्षोद्यानाकडे येऊ लागली. उद्यानाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक झाडाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळाला. त्यामुळे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोणाकडून, कोणामार्फत कोणते झाड आले हे आजही सांगता येते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशातील जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. त्यांपैकी जुझाबुरो फुरुझावा यांनी बंदिवासात एका पत्र्याच्या डब्यात बी लावून ब्लॅक पाइन वाढवले. ते आज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक बोन्साय संग्रहालयात आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये हे झाड आणि आणखी एक बोन्साय चोरीला गेले. संग्रहालयाने लगेच फोटो आणि इतिहासासह जाहीर आवाहन केले. काही दिवसांतच दोन्ही झाडे संग्रहालयाच्या रस्त्यावर सोडून दिलेली आढळली. डब्यातल्या बियाची गोष्ट कोणी लिहून ठेवली नसती, तर चोरीला गेले ते फक्त एक महागडे रोप ठरले असते.

मोबाइलमधील फोटो पुरेसे नाहीत का?

फोटो असणे आणि नोंद असणे यात फरक आहे. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेरा अशी माहिती दडलेली असते. तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. पण व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याचा आकार कमी केला जातो आणि ही माहितीही गळून पडते. दहा वर्षांनी हाती राहतो तो तारीख नसलेला, कुठल्याशा झाडाचा धूसर फोटो.

दुसरा धोका सेवा बंद होण्याचा. याहूने २०१९ मध्ये आपल्या ‘ग्रुप्स’ सेवेवरील साठलेला मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद केली. जगभरातील असंख्य छंदांच्या मंडळींची वर्षानुवर्षांची चर्चा तेथे होती. कोणत्या मातीत काय जगले, कोणत्या औषधाने पाने जळली, हा अनुभव पुस्तकांत क्वचितच सापडतो. स्वयंसेवकांनी जमेल तेवढा भाग उतरवून घेतला. बाकीचा गेला. फुकट मिळालेली जागा कायमची आपली नसते, हा त्यातला धडा.

हौशी बागप्रेमींनी काय करावे?

यासाठी संग्रहालय लागत नाही. महाराष्ट्रात अनेकांचे पहिले बोन्साय म्हणजे भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप असते. ते कोणत्या इमारतीवरून, कोणत्या साली काढले, एवढी एक ओळही पुढच्या पिढीसाठी मोलाची ठरते. ती इमारत उद्या पुनर्विकासात गेली, तरी झाडामागची हकीकत राहते.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि तो न गंजणाऱ्या पट्टीवर कोरून कुंडीला बांधावा. एका वहीत त्या क्रमांकापुढे झाड कुठून आले, कोणी दिले, कुंडी कधी बदलली, तार कधी बांधली आणि काढली, हे तारखेसह लिहावे. वर्षातून एकदा, शक्यतो त्याच महिन्यात आणि समोरच्या त्याच बाजूने फोटो काढावा. बाजूला मोजपट्टी ठेवावी. फाइलच्या नावातच क्रमांक आणि तारीख घालावी, म्हणजे मेटाडेटा गेला तरी ओळख राहते. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा संगणक क्षेत्रातला जुना नियम येथेही लागू पडतो.

सर्वांत आधी मात्र ज्येष्ठांशी बोलून घ्यावे. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे झाडे घडवली त्यांची हकीकत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला अर्धा तास पुरतो. हे झाड आपल्यानंतर कोणाकडे जाणार, हेही त्याच वेळी विचारून वहीत लिहावे. झाड ज्याच्याकडे जाईल, त्याच्याकडे ती वहीही जायला हवी.