तिघांना एकाच वेळी पित्त

परभणीच्या डिसेंबरातली थंडी बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. मे महिन्यात अंगाची लाही करणारे हे गाव हिवाळ्यात असे काही गारठते की कृषी विद्यापीठाच्या हवामान नोंदीत पारा एक आकडी होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परभणीचे नाव ठळक अक्षरांत येते. अशा थंडीत माणूस पहिले काम कोणते करतो, तर दारे-खिडक्या लावून घेतो. आजची हकीकत अशाच एका लावलेल्या दाराची आहे. ती माझ्या स्वतःच्या घरची असल्याने सांगताना थोडा संकोच वाटतो, पण डॉक्टरच्या चुका इतरांच्या कामी आल्या तर बरेच आहे.

आमच्या वडिलांकडे महिंद्राची जुनी पिकअप गाडी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच घराण्यातली, पण पुढे नाक नसलेली, एफसी 150 नावाची मालवाहू गाडी साठच्या दशकात आली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. या गाडीचे इंजिन पुढे बॉनेटखाली नसते. ते ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, केबिनमध्येच, पत्र्याच्या पेटीखाली असते. थंडीत पाय शेकायला उत्तम, उन्हाळ्यात शिक्षा. वडील पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावाहून कापूस भरून मानवतच्या बाजारात नेत आणि परत येताना आम्हा भावंडांना मागच्या हौद्यात बसवीत. वडील गेले आणि गाडी शेतातल्या लिंबाखाली उभी राहिली, ती वीस-बावीस वर्षे. कोंबड्यांनी तिच्यात संसार केले.

दोन वर्षांपूर्वी ती ट्रकवर लादून परभणीला आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. रविवारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी एक जुने मिस्तरी, ज्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, आणि त्यांच्या हाताखालचा एकोणीस वर्षांचा पोरगा येऊ लागले. इंजिन जाम होते. सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल सोडून आठ दिवस मुरू दिले, मग हँडल लावून तसूतसूने फिरवले. व्हॉल्व्ह काढून घासले, कार्बोरेटर उकलून धुतला. सायलेन्सरचा पाइप मात्र कुजलेला होता, तो नंतर बदलू म्हणून तसाच ठेवला. नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी हँडलच्या सातव्या-आठव्या झटक्याला इंजिन बोलले. मला त्या वेळी काय वाटले ते आरोग्याच्या स्तंभात लिहिण्यासारखे नाही.

त्या संध्याकाळी तिघांचेही डोके दुखले. उस्ताद म्हणाले, दिवसभर उपाशी आहे, पित्त झाले असेल. मलाही तसेच वाटले. आपल्याकडे डोकेदुखी, मळमळ, चक्कर या तिन्हींना पित्त हे एकच नाव आहे. मी तिघांनाही आम्लपित्ताची गोळी दिली, स्वतःही घेतली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झाले. पुन्हा गोळी. तीस वर्षे वैद्यकी केलेल्या माणसाला यात काही चमत्कारिक आहे असे वाटले नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

तिसऱ्या रविवारी थंडी कडाक्याची होती. शिवाय शेजारच्या मुलीची परीक्षा होती, तिला आवाजाचा त्रास नको म्हणून शटर खाली घेतले. हवेसाठी हातभर फट ठेवली. कार्बोरेटर जुळवताना इंजिन बराच वेळ चालू ठेवावे लागते. थंड इंजिन बंद पडू नये म्हणून चोक ओढलेला होता. पोरगा केबिनमध्ये बसून अॅक्सिलरेटर सांभाळत होता, उस्ताद बाहेरून स्क्रू फिरवत होते, मी आत-बाहेर करीत होतो. वीसेक मिनिटांनी पोरगा खाली उतरला, दोन पावले चालला, ओकला आणि भिंतीला टेकून बसला तो उठेना. मी धावत जाऊन घरातले ऑक्सिमीटर आणले. करोनापासून ते यंत्र घरोघर आहे. बोटाला लावले तर आकडा 98. माझा जीव भांड्यात पडला. म्हटले, प्राणवायू तर ठीक आहे.

तेवढ्यात आमची बायको पाणी घेऊन आली. तिने तिघांची तोंडे पाहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, तुमचं, उस्तादांचं आणि या लेकराचं पित्त दर रविवारी एकाच वेळी कसं काय वाढतं?’’

एवढे वाक्य पुरले. शटर वर करून, इंजिन बंद करून पोराला अंगणात उघड्यावर आणला आणि तसाच मोटारीत घालून मोठ्या दवाखान्यात नेला.

पेट्रोल, कोळसा, लाकूड, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धुराचा वास येतो तो इतर घटकांचा. म्हणून ‘वास तर काही येत नव्हता’ या म्हणण्याला काही अर्थ नसतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलून सगळ्या शरीरात पोचवते. पण या वायूची आणि हिमोग्लोबिनची मैत्री प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट. तो जागा अडवून बसतो, आणि उरलेला प्राणवायूही पेशींना सहज सुटू देत नाही. माणूस श्वास घेतो आहे, छाती हलते आहे, आणि मेंदू उपाशी.

ऑक्सिमीटरने मला फसवले ते यामुळेच. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्ताचा रंग पाहते. प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि हा विषारी वायू धरलेले हिमोग्लोबिन त्याला सारखेच लाल दिसते. गुदमरलेल्या माणसाच्या बोटावर 98 किंवा 99 आकडा दिसू शकतो. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते.

आजच्या मोटारींत इंधन मोजून सोडणारी यंत्रणा आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. भारतात 1995 साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींपासून त्याची सक्ती सुरू झाली. जुन्या गाडीला यातले काही नाही. कार्बोरेटर, त्यात चोक ओढलेला, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. अशा इंजिनाच्या धुरात शेकडा काही भाग नुसता कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 1200 भाग झाले की जिवाला तात्काळ धोका मानतात. आमच्या बारा बाय अठराच्या शेडचा मी नंतर कागदावर हिशेब केला. सव्वादोन लिटरच्या आसपासचे ते इंजिन नुसते उभ्या उभ्या चालले तरी दहा मिनिटे पुष्कळ झाली. हातभर फटीने जीव वाचला असेल, विषबाधा टळली नाही. पोराला सर्वांत जास्त लागले, कारण तो इंजिनाच्या पेटीला टेकून बसला होता आणि पेटीच्या कडेचे रबर केव्हाच झडून गेले होते.

उपचार एकच, प्राणवायू, आणि तोही तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून भरपूर. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. म्हणून ‘उघड्यावर बसवले, बरे वाटले, घरी नेले’ एवढ्यावर भागवू नये. कांदा हुंगवणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा ताक ओतणे, हे तर मुळीच करू नये. ताक फुप्फुसात जाते. कोणी बंद खोलीत पडलेला दिसला तर आधी दार सताड उघडावे, इंजिन किंवा गॅस बंद करावा, बाहेर ओढावे आणि 108 ला फोन करावा. वाचवायला गेलेला दुसरा माणूस आतच पडतो, अशाही घटना होतात. घरातली बाई गरोदर असेल तर तिला स्वतःला बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण पोटातल्या बाळाला याचा त्रास आईपेक्षा जास्त होतो.

पोरगा दुसऱ्या दिवशी घरी गेला. पण या विषाची एक खोड अशी की माणूस बरा झाल्यावर काही दिवसांनी, कधी महिन्या-दीड महिन्याने, विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे अशी लक्षणे उमटू शकतात. मी हे उस्तादांना सांगितले. त्यांनी त्यावर आपली तपासणी काढली. दर दोन-तीन दिवसांनी ते पोराला विचारत, ‘‘फायरिंग ऑर्डर बोल.’’ या इंजिनाचे सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात, तो क्रम. पोरगा म्हणे, ‘‘एक, तीन, चार, दोन.’’ एकदा तो म्हणाला, ‘‘एक, दोन...’’ आणि थांबला. उस्तादांच्या हातातला पाना खाली पडला. पोरगा हसला, त्याने थट्टा केली होती. उस्तादांनी त्याला शिव्या दिल्या त्या येथे देता येत नाहीत. मला हसू आले नाही. सहा आठवडे गेल्यावर मग मी निर्धास्त झालो.

आपल्यापैकी किती जण जुनी गाडी उघडून बसणार? पण बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, थंडीत खाटेखाली ठेवलेली कोळशाची शेगडी, वीज गेली की दुकानाच्या मागच्या खोलीत लावलेला जनरेटर, हा सगळा एकच प्रकार आहे. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताची गोळी शोधण्याआधी घरात काय जळते आहे ते शोधा.

गाडीच्या कामात दुसरी भीती पेट्रोलची. टाकीतून पेट्रोल काढायचे म्हणजे नळी तोंडाने ओढायची, ही रीत गॅरेजपासून शेतातल्या मोटारपंपापर्यंत सगळीकडे आहे. उस्तादांचीही होती. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला माझ्याकडे आणले होते. त्याने नळी ओढताना घोटभर पेट्रोल गिळले होते. तेवढ्याने फारसे बिघडले नसते. पण घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवली, आणि त्या उलटीत पेट्रोल श्वासनळीत उतरले. पेट्रोल इतके पातळ असते की चमचाभर फुप्फुसात गेले तरी आत झरझर पसरते आणि जेथे जाते तेथे सूज आणते. पोराला रात्री ताप आणि दम लागला, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, थिनर यांपैकी काहीही पोटात गेले तर उलटी करवू नये. दूध-तूपही पाजू नये. खोकला किंवा ठसका लागला असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी निदान एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे. बाजारात पाच-पन्नास रुपयांत हाताने दाबायचा पंप मिळतो. उस्तादांना मी तो भेट दिला. ते वापरतात, निदान माझ्यासमोर तरी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, लोखंडी घोड्या लावाव्यात. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला तर तो जिभेने किंवा रुमालाच्या टोकाने काढणारे ‘तज्ज्ञ’ प्रत्येक गल्लीत असतात, त्यांच्यापासून डोळा वाचवावा. बॅटरीचे पाणी म्हणजे गंधकाम्ल, ते डोळ्यात उडाले तर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याने धुवावे आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. गंजलेला पत्रा लागला आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर ते घ्यावे. हात पेट्रोलने धुऊ नयेत. खोबरेल तेल चोळून मग साबण लावला की काळे ऑइल निघते, कातडीही फाटत नाही.

शेडचे शटर मी काढून टाकले. तेथे जाळीचे दार बसवले आहे. थंडी वाजते, उस्ताद मफलर गुंडाळून येतात. सायलेन्सर नवा आहे, पेटीचे रबरही नवे आहे. ब्रेकचे काम चालू आहे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतात, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव, तेव्हा पत्रा कोरडा न घासता पाणी लावून घासतो आणि त्या वेळी नातवंडांना शेडमध्ये येऊ देत नाही.

रंग अजून द्यायचा आहे. वडिलांच्या वेळी गाडी हिरवी होती असे मी म्हणतो, बहीण म्हणते निळी. घासताना दोन्ही रंग निघाले, पण कोणता आधीचा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.