माकडताप : देश आणि काल यांचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे. प्रकृती, आहार, बल, वय यांनी भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रासली जातात, हा अग्निवेशाचा प्रश्न. वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असलेले चार भाव बिघडल्यामुळे, हे भगवान आत्रेयांचे उत्तर. विकृत देशाच्या लक्षणांत डास, माश्या, उंदीर यांची बेसुमार वाढही तेथे सांगितली आहे. हा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. परंतु ज्वराचा रुग्ण समोर असताना त्याचा देश आणि काल आपण किती वेळा विचारतो? सिंधुदुर्ग व गोव्यातील माकडतापाच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचीड हे त्याचे वाहक. जंगलातील लहान प्राणी आणि गोचीड यांच्यात विषाणू टिकून राहतो. वानर व माकडे यांच्या शरीरात तो झपाट्याने वाढतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील बाधित गोचीड जमिनीवर उतरतात आणि ती जागा धोक्याची ठरते. माणसापासून माणसाला मात्र हा रोग होत नाही.

कित्येक दशके हा रोग मुख्यतः कर्नाटकापुरता मानला जात होता. २०१२ मध्ये तो बांदीपूर व निलगिरीच्या जंगलांत, २०१३ मध्ये केरळातील वायनाडात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. राज्ये चार-पाच, परंतु डोंगररांग एकच. या रोगाची सीमा जिल्ह्याच्या नकाशावर नव्हे, तर सह्याद्रीच्या वनांच्या कडेने आखली गेली आहे.

त्यातही एक सूत्र दिसते. दक्षिण कन्नड जिल्ह्यात १९८३ च्या सुमारास मोठी साथ आली, ती काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच चित्र उमटले : जेथे सदाहरित वन आणि बागायत एकमेकांत मिसळली आहेत व देशी गुरांची संख्या अधिक आहे, तेथे मानवी रुग्णांचा संभव जास्त. गुरे विषाणू फारसा वाढवीत नाहीत, परंतु प्रौढ गोचिडांना पोसतात. वन, बाग व गोठा जेथे एकमेकांना भिडतात, तोच या व्याधीचा देश.

आता काल. पावसाळा संपल्यावर गोचिडांची नवी पिढी वाढू लागते. माणसाला बहुधा चावणारी त्यांची अप्रौढ, अतिसूक्ष्म अवस्था जानेवारी ते मे या काळात विपुल असते. नेमक्या याच महिन्यांत कोकणात काजूच्या बिया वेचल्या जातात, पाचोळा व सरपण गोळा केले जाते. डेंग्यूचा जोर पावसाळ्यात व त्यानंतर असतो. कोरड्या ऋतूत काजूबागेतून आलेल्या तीव्र ज्वराकडे म्हणूनच वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

अकस्मात तीव्र ज्वर, कपाळ दुखणे, प्रखर अंगमर्द, डोळ्यांची लाली, वमन, अतिसार आणि काहींना रक्तस्राव, ही लक्षणे. काही रुग्णांत ज्वर उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो आणि मान ताठणे, कंप, भ्रम दिसू लागतात. बाधितांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के दगावतात. विषाणूवर खास औषध नाही; कर्नाटकात वापरली जाणारी जुनी लसही पुरेशी परिणामकारक न उरल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली. अशा स्थितीत ज्वरचिकित्सेवरील विश्वासापोटी रुग्णाला घरी थोपवून धरणे आम्हांस सर्वथा अयोग्य वाटते. 'जंगलात वा बागेत गेला होता काय? गोचीड चावला होता काय? गावात माकड मेले आहे काय?' हे तीन प्रश्न विचारावेत. संशय येताच रुग्णास रक्ततपासणीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे आणि मृत माकडाची वार्ता आरोग्य व वन खात्यांस त्वरित कळवावी.

औषधालयांच्या चालकांनाही एक विनंती. आत्रेयांनी याच अध्यायात, भूमी बिघडण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करावा, असे सांगितले आहे. तो संग्रह आपल्यासाठी करणारी माणसे वनाच्या कडेलाच राहतात. बाधित तालुक्यांतून वनौषधी घेणाऱ्यांनी हंगामापूर्वी त्यांना अंगभर कपडे, गोचीड-प्रतिबंधक तेल आणि परतल्यावर गरम पाण्याने स्नान यांची माहिती द्यावी. शक्य तेथे तेल स्वखर्चाने पुरवावे. औषधीचे वीर्य आपण पारखून घेतो. ती आणून देणाऱ्याच्या जिवाची काळजीही त्याच व्यवहाराचा भाग मानली पाहिजे.