गायरानांत बांधलेल्या तट्टांची निगा

तापीकांठचें सारंगखेडा हें गांव पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें; १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. तेथें दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खानदेशांतील शेतकरी अशा बाजारांतून तट्टू आणतो व पुष्कळदां गांवच्या गायरानांत दाव्यानें बांधून ठेवतो. चारा फुकट मिळतो हें खरें. परंतु बांधलेल्या जनावरास पाणी वा सावली स्वतः शोधतां येत नाहीं.

घोड्याचें जठर लहान असल्यानें त्यास थोडें थोडें व दिवसभर खावें लागतें. दाव्याच्या घेरांतील गवत संपलें कीं तें मुळांसकट माती खातें व पोटशूळ उद्भवतो. यास्तव खुंट रोज हलवावा व वरून सुकें गवत घालावें.

तट्टास दिवसास सुमारें २० लिटर पाणी लागतें. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां याहूनहि अधिक. निदान तीन वेळां पाणी दाखवावें व दुपारीं झाडाखालीं बांधावें.

दावें गळ्यास फांस बसेल असें नसावें, मोरखीस बांधावें. नायलॉनची बारीक दोरी पायांत गुंतून कातडें कापते, आणि घोड्यास जखमेंतून धनुर्वात होण्याचें भय मोठें. त्याची लस टोंचून घ्यावी व खूर सहा ते आठ आठवड्यांनीं साफ करवावे.

१९६० च्या प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें अवाजवी आंखूड दाव्यानें जनावर अवाजवी वेळ जखडून ठेवणें हा गुन्हा आहे. गायरान गांवाचें असलें तरी तट्टू मालकाचें आहे. त्याची जबाबदारीहि मालकाचीच होय.