न भेटलेल्या माणसाला टीप

हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं की वाटतं, इथे आपल्याआधी कुणी राहिलेलंच नाही. उशीवर केस नाही, आरशावर शिंतोडा नाही, साबण कोरा, चादर ताठ. प्रत्यक्षात त्याच दिवशी सकाळी अकरापर्यंत त्या पलंगावर दुसरं एखादं कुटुंब लोळत होतं. त्यांच्या मुलाने टेबलावर मॅगी सांडली असेल, आजीने तेल लावलेलं डोकं याच उशीवर टेकलं असेल. अकरा ते दोनच्या मधल्या वेळात कुणीतरी आलं, ते सगळं पुसून गेलं आणि स्वतः येऊन गेल्याची खूणही ठेवली नाही. इतकं अवघड काम इतक्या निःशब्दपणे होतं, याचं मला फार नवल वाटतं. आणि सहलीला निघालेल्या पुणेकर कुटुंबाला हमखास पडणारा प्रश्न तिथूनच सुरू होतो. वेटरला टीप देतो, ड्रायव्हरला देतो, बॅगा उचलणाऱ्याला देतो; मग खोली आवरणाऱ्याला द्यायची का, आणि जो माणूस भेटतच नाही त्याला ती द्यायची कशी?

आधी ते काम काय असतं ते पाहू. मोठ्या हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या एका माणसाच्या वाट्याला आठ तासांच्या पाळीत साधारण 14 ते 16 खोल्या येतात. पाहुणा राहत असलेली खोली लवकर उरकते, पण पाहुणा सोडून गेलेल्या, म्हणजे ‘चेकआउट’च्या खोलीला अर्धा तास सहज लागतो. क्रम ठरलेला असतो. दारावर टकटक करून ‘हाउसकीपिंग’ अशी हाक द्यायची, थांबायचं, पुन्हा द्यायची, मगच आत जायचं. पडदे उघडायचे, कचरा काढायचा, पलंग उघडा करून चादरी-अभ्रे ट्रॉलीच्या पिशवीत टाकायचे. धूळ वरून खाली पुसत यायची आणि खोलीभर एकाच दिशेने फिरायचं, म्हणजे कुठला कोपरा राहिला हे आठवत बसावं लागत नाही. शेवटी व्हॅक्युम खिडकीपासून दाराकडे मारत उलटं चालत बाहेर पडायचं, गालिच्यावर आपलं पाऊल उमटू नये म्हणून.

ट्रॉलीवरच्या बाटल्यांची तर एक वेगळीच भाषा आहे. टास्की या ब्रँडची रसायनं भारतभरच्या हॉटेलांत वापरली जातात आणि त्यांना आकड्यांची नावं आहेत: आर-1 बाथरूमसाठी, आर-2 सगळ्या साध्या पृष्ठभागांसाठी, आर-3 काचेसाठी, आर-4 लाकडी फर्निचरच्या पॉलिशसाठी, आर-5 खोलीतल्या वासासाठी, आर-6 कमोडसाठी. मराठवाड्यातून आलेला मुलगा आणि ओडिशातून आलेली मुलगी एकमेकांची भाषा शिकायच्या आधी हे आकडे शिकतात. शिवाजीनगरच्या राज्य हॉटेल व्यवस्थापन संस्थेत पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही पलंग घालणं धडा म्हणून शिकावं लागतं. चादरीचा कोपरा गादीखाली पाकिटासारखा दुमडून ताठ बसवायचा, तोही पलंगाला कमीत कमी फेऱ्या घालून. घरी चादर बदलताना आपण पलंगाभोवती किती वेळा फिरतो, हे एकदा मोजून पाहावं.

तो पलंग इतका पांढरा का असतो, हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे. पूर्वी हॉटेलांत रंगीत, नक्षीदार जाड पलंगपोस असायचे. ते डाग लपवायचे आणि रोज धुतले जात नसत. 1999 मध्ये वेस्टिन या अमेरिकी साखळीने जाड गादी, अनेक थरांची पांढरीशुभ्र चादर-रजई आणि उशांची रास असा पलंग आणला. तो इतका लोकप्रिय झाला की जगभरच्या हॉटेलांनी त्याची री ओढली. याच साखळीचं एक हॉटेल आपल्या कोरेगाव पार्कातही आहे. पांढऱ्यावर काहीच लपत नाही, म्हणून पाहुण्याला खात्री वाटते. ब्लीच करता येतं, म्हणून हॉटेलला सोयीचं पडतं. पण उचलायची गादी जड झाली, बदलायचे अभ्रे वाढले आणि ते ओझं आवरणाऱ्याच्या कमरेवर आलं. अमेरिकेत कामगार संघटनांनी यावर जाहीरपणे आवाज उठवला. आपल्या ऐसपैस झोपेची किंमत कुठे मोजली जाते, ते इथे दिसतं.

हे काम म्हणजे केवढी शारीरिक मेहनत आहे, हे करणाऱ्यांनाही कधीकधी ठाऊक नसतं. हार्वर्डच्या आलिया क्रम आणि एलेन लँगर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात हॉटेलांतल्या खोल्या आवरणाऱ्या 84 स्त्रिया होत्या. त्या दिवसाला सरासरी 15 खोल्या करत होत्या, तरी त्यातल्या बहुतेकींनी आपण नियमित व्यायाम करत नाही असं सांगितलं. संशोधकांनी काही जणींना एवढंच समजावलं, की तुमचं रोजचं काम हाच उत्तम व्यायाम आहे. चार आठवड्यांनी त्या गटाचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरला होता. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांच्यात तसा फरक पडला नाही. निष्कर्षावर तज्ज्ञांची चर्चा झाली, होत राहील. माझं लक्ष मात्र त्या आधीच्या उत्तरावर अडून राहतं. पंधरा पलंग, पंधरा बाथरूम, आणि तरी ‘व्यायाम करत नाही’!

आता टिपेकडे येऊ. टीप देण्याची आपली सगळी रीत समोरासमोर येण्यावर उभी आहे. जेवण झालं की बिलाबरोबर बडीशेपेची बशी येते, तीत आपण सुट्टे ठेवतो, वेटर बघतो, मान हलवतो. साध्या मुक्कामातही तसंच. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 मध्ये काढलं. अशा जुन्या जागी किंवा स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर पाण्याचा जग आणून देणारा पोरगाच खोली झाडतो, निघताना तोच दारात उभा असतो. तिथे प्रश्नच पडत नाही. मोठ्या हॉटेलात मात्र आपण नाश्त्याला किंवा शनिवारवाडा बघायला गेल्यावरच खोली आवरायची, अशी व्यवस्था असते. बशीच नाहीशी झालेली असते.

बरं, पैसे टेबलावर ठेवून निघून जावं, तर आणखी एक गाठ आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. पाहुणा अजून राहत असेल तर खोलीतल्या पैशाला हात लावायचा नाही, हे हाउसकीपिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं जातं. शंभराची नोट दिव्याखाली पडलेली आहे. ती विसरली आहे की ठेवली आहे, हे ओळखायचं कसं? चुकीचा अंदाज म्हणजे चोरीचा आळ आणि नोकरी गेली. म्हणून शहाणा माणूस नोट उचलतो, तिच्याखालची धूळ पुसतो आणि नोट होती तिथेच ठेवतो. खोली सोडल्यानंतर सापडली तर नियमाप्रमाणे ती हरवलेल्या वस्तूंच्या नोंदवहीतही जाऊ शकते. आपण उदारपणे दिलेली टीप अशी वाटेतच अडकते. त्यावरचा उपाय इतका साधा आहे की हसू येतं: चिठ्ठी. ‘हाउसकीपिंगसाठी, धन्यवाद’ एवढे शब्द नोटेवर ठेवले की संशय संपतो.

दुसरी गोष्ट दिवसाची. आपण तीन रात्री राहतो आणि शेवटच्या सकाळी एकदम तीनशे ठेवतो. पण शुक्रवारी खोली आवरणाऱ्याची शनिवारी साप्ताहिक सुट्टी असू शकते, रविवारी मजला बदललेला असू शकतो. ज्याने आपल्या मुलांचा सगळ्यात मोठा पसारा उचलला त्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून रोज, खोलीबाहेर पडताना थोडे ठेवणं न्याय्य. किती? माझं मत असं, की मध्यम हॉटेलात रोजचे 50 ते 100 रुपये योग्य. जादा पलंग घातला असेल, लहान मूल असेल, लग्नाला आलेल्यांच्या मेंदीचे टॉवेल असतील किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावरून ओलेत्याने येऊन बाथरूमच्या जाळीत वाळू साचवली असेल, तर 200 जड वाटू नयेत. खोलीच्या भाड्याची टक्केवारी काढत बसू नये. मेहनत खोलीच्या दराने वाढत नाही, पसाऱ्याने वाढते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी टीप या विषयावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. त्यांना आढळलं, की सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असतो. माणसं चांगल्या कामाचं मोजमाप करून टीप देत नाहीत. समोरच्याला काय वाटेल याचाही त्यात मोठा वाटा असतो. न दिसणाऱ्या माणसाला काही वाटतं हे आपल्या डोक्यातच येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त काम करणाऱ्याला सगळ्यात कमी मिळतं.

पुण्याला तर हे न समजण्याचं कारण नाही. याच शहरात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या तेव्हाच्या मागण्या. आज कोथरूडपासून हडपसरपर्यंत कितीतरी घरांत दिवाळीला एक महिन्याचा पगार जास्तीचा द्यायचा, हे न सांगता पाळलं जातं. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग म्हणजे 8.33 टक्के, आणि कारखान्यांच्या बोनस कायद्यातही किमान आकडा नेमका तोच आहे! जी गोष्ट पूर्वी मालकिणीच्या मर्जीवर होती, ती बायकांनी रस्त्यावर उतरून हक्काजवळ आणली. आपल्या घरी मावशींच्या दिवाळीचं पाकीट आठवणीने भरणारं तेच कुटुंब महाबळेश्वरच्या हॉटेलात चार दिवसांचे ओले टॉवेल जमिनीवर टाकून निघतं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

‘हॉटेलनेच नीट पगार द्यावा, आपण का?’ हा प्रश्न वाजवी आहे. 2014 मध्ये मॅरियट कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या 1,60,000 खोल्यांत टिपेसाठी खास पाकिटं ठेवली, तेव्हा तिथल्या लोकांनी नेमका हाच सवाल केला. पगाराची जबाबदारी मालकाची, यात शंका नाही आणि टिपेने ती फिटत नाही. पण पाहुण्याचं देणं ही निराळी गोष्ट आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती निराळी मानली. आयटीसीच्या हॉटेलांत कार्डावरून घेतलेली टीप कर्मचाऱ्यांना वाटली जायची. तो पगार धरून मालकाने त्यावर कर कापायला हवा होता का, असा वाद होता. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नाही: टीप पाहुण्याकडून येते, मालक तिचा फक्त विश्वस्त आहे. त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1976 मध्ये, जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलातल्या टिपांचा वादही याच न्यायालयापर्यंत गेला होता. दहा-वीस रुपयांच्या नोटांचा देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने इतका गंभीरपणे विचार करावा, याचं मला कौतुक वाटतं.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो हाउसकीपिंगपर्यंत पोचतो असं गृहीत धरू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तो आपोआप लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. तो काढायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. वाचलेले पैसे उशीजवळ ठेवता येतात.

खरी अडचण आता नोटांची आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. पुण्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा स्कॅन करून घेतली जाते. खिशात पन्नासची नोट नसते, आणि जो भेटतच नाही त्याचा क्यूआर कोड कुठून आणायचा? म्हणून सहलीला निघताना औषधांच्या डब्याबरोबर सुट्ट्या नोटांचं एक पाकीटही भरून घ्यावं. चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्यावी. वाटेत व्हरांड्यात ट्रॉली दिसली तर थांबून पैसे हातातच द्यावेत आणि नावही विचारून ठेवावं, कारण निघताना रिसेप्शनवर ‘दुसऱ्या मजल्यावरच्या अमक्यांनी खोली फार छान ठेवली होती’ असं नावानिशी सांगितलं तर त्या माणसाच्या नोंदीत ते लिहिलं जातं. कोकणातल्या घरगुती मुक्कामात मालकीणबाई पैसे घेणार नाहीत, त्यांना देऊही नये. पण अंगण झाडणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या ताई वेगळ्या असतात, त्यांना शोधून द्यावं.

अनेक हॉटेलांत काउंटरवर टिपांची सामाईक पेटी असते. तिच्याबद्दल लोक साशंक असतात. तिच्यातली रक्कम विभागून वाटली जाते की नाही, हे सरळ विचारावं. प्रामाणिक हॉटेल सांगतं. ती नीट वाटली जात असेल तर पेटीतही थोडं टाकावं, कारण तळघरातल्या लाँड्रीत मेंदीचा डाग काढत उभ्या असलेल्या माणसाला आपली खोली नंबरानेसुद्धा माहीत नसते, आणि त्याच्यापर्यंत आपले पैसे जाण्याची दुसरी कुठलीच वाट नाही.