पंखा फिरत नाही? आधी वायरचा तुकडा लावून बघा

जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटातल्या कोंडीचा फोटो पहिल्या पानावर येतोच. परवाही आला. कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या आणि खाली ओळ : ‘उन्हामुळे गाड्या तापल्या’. ही ओळ मला पटत नाही. ऊन चाळिशीचं, इंजिनातलं पाणी तर रोजच ९० अंशांच्या आसपास असतं. धडधाकट गाडी कोंडीत तासभर थांबली तरी उकळत नाही, कारण रेडिएटरचा पंखा सुरू होतो. तो सुरू झाला नाही, तर मात्र घाट लागतो तिथेच गाडी बसते.

प्रीमियर पद्मिनीत हा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला होता. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००चं इंजिन आडवं, त्यामुळे पंखा विजेवर गेला आणि तो कधी फिरवायचा हे ठरवायला स्विच आला. अंगठ्याएवढा, दोन पिनांचा. आतली द्विधातूची चकती ९० ते १०० अंशांच्या दरम्यान टक्कन उलटी वळते, सर्किट जुळतं, पंखा फिरतो. वर्षानुवर्षं हेच करून आतले पॉइंट जळतात.

खूण सोपी आहे. हायवेवर तापमानाचा काटा जागेवर आणि सिग्नलला उभं राहिलं की वर चढतो, तर संशय पंख्यावर. वेगात वारा समोरून येतो, तिथे पंख्याची गरजच नसते. वेगातही काटा चढत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे.

खोपोलीतले एक मिस्त्री खिशात वायरचा चार इंची तुकडा ठेवतात. आधी गार इंजिनावर कूलंट पुरेसं आहे का बघतात, कारण पाणी कमी असेल तर स्विचला गरम वाफ नाहीतर हवाच लागते आणि तो बिचारा गप्प राहतो. मग स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना वायरने जोडतात आणि चावी ऑन करतात. पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज, रिले सगळं ठीक, स्विच संपला. नाही फिरला, तर फ्यूज आणि रिले बघून मोटरला थेट बॅटरीवरून करंट. “साहेब, आधी पार्टला विचारायचं, मग बिल करायचं,” असं ते म्हणतात. या दोन मिनिटांच्या तपासणीशिवाय अख्खी फॅन असेंब्ली बदलायला सांगणाऱ्याला मी गाडी देणार नाही. स्विच काही शे रुपयांचा, असेंब्ली हजारांत जाते.

काढलेला स्विच पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरून मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघता येते. फक्त हा प्रयोग महाबळेश्वरात करू नका. तिथे पाणी साधारण ९५ अंशांवरच उकळतं आणि ९७ला चालणारा चांगला स्विचही नापास ठरेल.

दुसरा उपाय म्हणजे ‘फॅन डायरेक्ट करून देतो’. याला माझा ठाम विरोध आहे. मोटर अखंड फिरून लवकर झिजते, अल्टरनेटरवर विनाकारण भार येतो. डॅशबोर्डवर बटण बसवलं, तर ते एकदा दाबायचं विसरलात की हेड गॅस्केट जाते, आणि तो खर्च स्विचच्या कित्येक पट. रात्री घाटात अडकलात, घरी पोचण्यापुरतं केलं, तर ठीक.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हा स्विच नाही. सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तापमान कळवतो आणि ईसीएम रिलेमार्फत पंखा चालवतो. तिथे पिना जोडायच्या नाहीत. उलट इंजिन चालू असताना सेन्सरचा कनेक्टर काढला की पुष्कळ गाड्यांत ईसीएम सावधगिरी म्हणून पंखा सुरू करतो. झाला, तर मोटर निर्दोष.

स्विच बदलण्याचं काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टीच्या बेतात आलेला कुकर उघडणं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरतो आणि बोटं जातात. नवा स्विच जुन्याच तापमानाचा घ्या; आकडा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो. वॉशर नवी. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत स्विच जोरात आवळलात तर टाकी तडकेल. कूलंट भरा, हवा काढा आणि इंजिन उभ्या जागी चालू ठेवा. पंखा दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नका. मग गार झाल्यावर वॉशरभोवती बोट फिरवून ओल लागते का बघा.