उपग्रहाच्या नजरेतून समुद्रतळ

बहामा बेटांजवळच्या नितळ समुद्रात १९७५ साली एक आगळा प्रयोग झाला. ‘लँडसॅट’ उपग्रह वरून प्रतिमा टिपत असताना झाक कुस्तो यांच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावरील पथक प्रत्यक्ष खोली मोजत होते. पाणी स्वच्छ आणि तळ उजळ असल्यास सुमारे २२ मीटरपर्यंतची खोली उपग्रहप्रतिमेवरून सांगता येते, असे त्यातून दिसून आले.

सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाण्यात काही मीटरांतच शोषला जातो. हिरवा त्याहून खोल जातो, तर स्वच्छ समुद्रात निळा सर्वांत खोल. तळावरून परतणाऱ्या या रंगांच्या प्रमाणावरून खोलीचे गणित मांडतात. त्याला प्रत्यक्ष मोजमापांची जोड मात्र लागतेच. २०१८ मध्ये सोडलेल्या ‘आइससॅट-२’ उपग्रहाचा हिरवा लेसर ती काही अंशी पुरवतो.

फसगतही होते. सागरी गवताने काळवंडलेला उथळ तळ खोल भासतो. जहाजांच्या दृष्टीने हीच चूक घातक. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांभोवतीचे नितळ पाणी या पद्धतीला मानवते. कोकणातील खाड्यांच्या मुखाशी, विशेषतः पावसाळ्यात, गाळामुळे प्रकाश तळ गाठतच नाही. तेथे होडीतून ध्वनिलहरी सोडूनच खोली मोजावी लागते.