यंत्रमानवाचे बिऱ्हाड

१९७७ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील आरटू-डीटू हा पिंपासारख्या धडाचा, अर्धगोल डोक्याचा बुटका यंत्रमानव मानवी भाषेतील एकही शब्द न उच्चारता जगभरच्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिला. त्याची खेळणी बाजारात असंख्य आली. परंतु खेळण्यावर समाधान न मानता, मूळ मापाबरहुकूम, सुमारे एक मीटरहून थोडा अधिक उंच, स्वतः चालणारा, मान फिरविणारा आणि शिट्ट्या घालणारा आरटू घरच्या गॅरेजमध्ये घडविणारी हौशी मंडळी अनेक देशांत आहेत. ऑस्ट्रेलियातील डेव्ह एव्हरेट यांनी १९९९ मध्ये या मंडळींचा क्लब सुरू केला. हा छंद यंत्रमानव तयार झाला की संपतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथून त्याचा दुसरा आणि काहीसा अधिक त्रासदायक अध्याय सुरू होतो. शाळा, रुग्णालये, ग्रंथालये, प्रदर्शने अशी चहूकडून बोलावणी येऊ लागतात आणि प्रसंगी शंभर किलोच्या घरात जाणारे हे धूड सुखरूप न्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

घडविण्याचा भाग आधी पाहू. चित्रपटासाठी केलेले मूळ यंत्रमानव हे घाईघाईत आणि चित्रीकरणापुरते बनविलेले होते. त्यांतील दोन आरटू एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे छायाचित्रे आणि चित्रफिती यांच्या आधारे एकेक माप पडताळून हौशी मंडळींनी आपले आराखडे सिद्ध केले. या शोधकार्यातील चिकाटी एखाद्या पुरातत्त्ववेत्त्याला शोभावी अशी आहे. आरटूच्या डोक्यावरील प्रकाशझोत टाकणाऱ्या तीन गोलाकार अवयवांसाठी व्हिकर्स व्हायकाउंट या जुन्या प्रवासी विमानातील आसनावरच्या वाचनदिव्याचे भाग वापरले होते, हे अशाच तपासातून सर्वांना ठाऊक झाले. निळ्या रंगाचा वाद तर आजही मिटलेला नाही. मूळ निळा थर असा होता की, उन्हात तो जांभळट दिसे आणि सावलीत गडद होई. शिवाय पहिल्या चित्रपटातील अवकाशयुद्धाची दृश्ये निळ्या पडद्यासमोर टिपली असल्याने तेथे आरटूचे निळे भाग चक्क काळे दिसतात. मग खरा रंग कोणता? प्रत्येक जण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून रंगाचा डबा उघडतो.

साहित्याबाबत मात्र मोकळीक आहे. कोणी ॲल्युमिनिअम वापरतो, कोणी प्लायवूड आणि स्टायरीनच्या पत्र्यांवर काम भागवितो. अलीकडच्या वर्षांत त्रिमितीय छपाई स्वस्त झाल्यापासून संपूर्ण प्लास्टिकचा आरटू घरच्या छपाईयंत्रावर तुकड्या-तुकड्यांनी छापून काढणाऱ्यांची संख्या वाढली आहे. धातूचा आरटू पुरा करावयाचा तर खर्च काही हजार डॉलरांवर जातो आणि काळ वर्षांत मोजावा लागतो. अवघड सुटे भाग एखादा कुशल सभासद एकगठ्ठा तयार करून इतरांना पुरवितो. तयार यंत्रमानव विकून नफा कमवावयाचा नाही, हे पथ्य ही मंडळी पाळतात. पात्राचे हक्क चित्रपटकंपनीकडे असल्याने हा संयम शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

आता त्याच्या चालण्याकडे वळू. आरटूला दोन बाजूंचे पाय आणि मधला एक तिसरा पाय असतो. चालताना तिसरा पाय पुढे येतो आणि धड सुमारे १८ अंशांनी मागे कलते. गती बाजूच्या दोन पायांतील मोटारींकडून मिळते; मधल्या पायाखाली फक्त मोकळी फिरणारी चाके असतात. उजवी मोटार वेगाने आणि डावी सावकाश चालविली की आरटू डावीकडे वळतो, म्हणजे रणगाड्याचेच तत्त्व. डोके सतत एकाच दिशेने फिरू शकावे म्हणून ते मोठ्या व्यासाच्या बेअरिंगवर बसवितात. पण डोक्यात दिवे आहेत, झडपा उघडणाऱ्या मोटारी आहेत. त्यांना वीज देणाऱ्या तारा दोन-चार फेऱ्यांतच पिळवटून तुटतील. यावर उपाय म्हणजे स्लिप रिंग. त्यात तारेऐवजी धातूच्या कड्यावर घासत राहणारा स्पर्शक वीज वाहून नेतो. आणखी एक गोष्ट अनुभवी मंडळी आवर्जून करतात. रेडिओ संदेश तुटला की मोटारी आपोआप थांबतील, अशी व्यवस्था ते ठेवतात. मुलांच्या घोळक्यात शंभर किलोचे यंत्र बेलगाम सुटले तर काय होईल, हे सांगावयास नको.

मूळ चित्रपटकर्त्यांना यातील बरेच साधले नव्हते, ही गमतीची गोष्ट आहे. १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झाले तेव्हा दूरनियंत्रित आरटू वारंवार बंद पडत. दोन पायांवर डुलत चालणाऱ्या आरटूच्या आत केनी बेकर हा ठेंगणा अभिनेता बसत असे, आणि दोन पायांवरून तीन पायांवर येण्याची किमया बहुधा संकलकाच्या कात्रीने साधली जाई. पुढच्या, म्हणजे १९८० च्या चित्रपटासाठी टोनी डायसन यांच्या कार्यशाळेने नवे आरटू बनविले. गॅरेजमधील हौशी कारागिराचा आरटू जे सलग तासभर करून दाखवितो, ते त्या काळी स्टुडिओला अवघड होते.

हे यंत्र हलवायचे म्हणजे एक बिऱ्हाडच हलवायचे असते. जाणकार मंडळी सांगाडा कापण्याआधी आपल्या मोटारीच्या मागच्या दाराची उंची मोजून ठेवतात. हे ऐकावयास हास्यास्पद वाटते, पण पूर्ण झालेला आरटू दारातून आत न जाण्याचे दुःख त्याहून मोठे. लांबच्या प्रवासात डोके प्रथम उतरवितात. त्याच्या सर्व तारा एकाच जोडणीत आणलेल्या असल्या तर हे काम मिनिटाचे, नाही तर तासाचे. डोके फोमच्या स्वतंत्र पेटीत जाते, कारण पातळ ॲल्युमिनिअमच्या घुमटावर एकदा पोचा आला की तो बेमालूम काढता येत नाही. त्यानंतर खांद्यातील बोल्ट सैल करून पाय वेगळे करता येतात. मोटारी पायांत असल्याने बरेचसे वजन तेथेच साठलेले असते. म्हणून धड दोघांनी धरल्याविना पाय सोडू नये.

आरटू उभाच न्यायचा असेल तर बांधणीचे पट्टे आतील सांगाड्याशी जोडलेल्या भक्कम जागी अडकवावे लागतात. बाहेरची आवरणे केवळ शोभेची. त्यांवर ताण आला की ती वाकतात. फळीच्या उतारावरून गाडीत चढविताना तर विशेष सावध राहावे लागते. धड आधीच मागे कललेले असते. तोंड पुढे करून चढताना गुरुत्वमध्य आणखी मागे, बाजूच्या पायांच्याही पलीकडे सरकू लागतो आणि यंत्रमानव पाठीवर कोसळण्याची भीती असते. त्याला पाठमोरा चढविला तर वजन मधल्या पायाकडे येते व तोल टिकतो. गाडीत चढताच मुख्य फ्यूज काढून ठेवणे उत्तम. खिशातील नियंत्रकाचे बटण चुकून दाबले जाणे हा अपघात कल्पनेतला नाही.

विमानप्रवासात खरी अडचण बॅटरीची. २४ व्होल्ट आणि २० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ४८० वॉट-तास. प्रवाशाच्या सामानात लिथियम-आयन बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत चालते, विमानकंपनीच्या संमतीने १६० पर्यंत, त्यापलीकडे नाही. त्यामुळे यंत्रमानव मालवाहतुकीने जातो आणि बॅटरीची सोय मुक्कामाच्या ठिकाणी करणे सोयीचे ठरते. सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यांना पेटीतील वस्तू काय आहे हे समजावून सांगणे, हे आणखी एक काम. मुक्कामी पोहोचल्यावर सर्वप्रथम नट तपासतात. प्रवासातील कंपनांनी साधे नट सैल होतात, म्हणून नायलॉनचे कडे असलेले नट वापरण्याचा प्रघात आहे.

इतका खटाटोप कशासाठी, हा प्रश्न २००५ मधील एका प्रवासापुढे उभा करून पाहावा. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात केटी नावाच्या एका सात वर्षांच्या मुलीला मेंदूचा असाध्य कर्करोग झाला होता. तिचे वडील अल्बिन जॉन्सन हे ‘स्टार वॉर्स’च्या वेशभूषा करणाऱ्या ‘५०१ वी लीजन’ या हौशी संघटनेचे संस्थापक. आपल्याला सोबत करणारा एक आरटू असावा, अशी इच्छा तिने व्यक्त केली. क्लबच्या सभासदांनी तिच्यासाठी गुलाबी आरटू घडविण्याचे ठरविले. परंतु यंत्रमानव घडावयास महिने लागतात आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. तेव्हा एका सभासदाने आपल्या हाताशी असलेल्या आरटूलाच गुलाबी रूप देऊन तिच्या घरी धाडले. तिने त्याला मिठी मारली. त्या ऑगस्टमध्ये ती गेली. तिचे नाव धारण करणारा आरटू-केटी २००६ मध्ये पूर्ण झाला आणि आजारी मुलांच्या भेटी व मदतनिधी यांसाठी गावोगाव फिरू लागला.

या मंडळींच्या कौशल्याची दखल स्टुडिओनेही घेतली. २०१३ मध्ये जर्मनीतील एसेन येथे भरलेल्या संमेलनात ल्युकसफिल्मच्या तत्कालीन अध्यक्षा कॅथलीन केनेडी हौशी निर्मात्यांचे यंत्रमानव पाहावयास आल्या. गरज पडल्यास आम्ही उपलब्ध आहोत, असे ब्रिटनमधील निर्मात्यांनी त्यांच्या कानावर घातले. त्यांपैकी ली टाउझी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोघांना पुढे खरोखरच बोलावणे आले आणि २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’ चित्रपटातील आरटू त्यांनी घडविला. त्याच चित्रपटात बंडखोरांच्या तळावरील गर्दीत, नीट पाहिल्यास, गुलाबी आरटू-केटीही क्षणभर दिसतो.